तालवाद्यांच्या सॅम्पलचा आवाज आणि चढउतार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात घरच्या खोलीत बसून गाणी करणारे बरेच आहेत. कुणी भजनं करतं, कुणी गणपतीची गाणी, कुणी शिवजयंतीच्या चित्ररथासाठी ट्रॅक, कुणी यल्लम्मा-मायाक्काची गाणी. वाद्यं ढोल, ताशा, हलगी, संबळ, ढोलकी, पखवाज अशी, आणि सॉफ्टवेअरमधल्या तयार सेटिंग्ज मात्र किक-स्नेअर डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या. बहुतेक अडचणी तिथूनच सुरू होतात. सॅम्पल म्हणजे वाद्याच्या एका ठोक्याचं रेकॉर्डिंग. खालची उत्तरं कुठल्याही सॉफ्टवेअरला लागू पडतात. जिथे बटण वेगळं आहे तिथे सॉफ्टवेअरचं नाव (एफएल स्टुडिओ, एबलटन, रीपर) दिलं आहे.

सॅम्पल मोठं करालोय, मीटर लाल होतोय, तरी ढोल दबलेलाच ऐकू येतो. असं का?

मीटर दाखवतो ते शिखर, म्हणजे आवाजाचा क्षणभराचा सर्वांत उंच बिंदू, आणि कानाला मोठं वाटतं ते थोडा वेळ टिकणारा आवाज. ढोलाच्या एका ठोक्यात पहिले ५ ते १० मिलिसेकंद टिपरूचा टक्क असा आवाज असतो आणि त्यामागून ३००-४०० मिलिसेकंद पानाचा (वाद्याच्या कातड्याचा) घुमारा. समजा टक्क −१ डीबीवर (डेसिबल; शून्य म्हणजे फाइलमध्ये मावणारी कमाल पातळी) आहे आणि घुमारा −१८ वर. फेडर (ट्रॅकच्या आवाजाची सरकपट्टी) ३ डीबीने वर नेला की टक्क शून्याच्या वर जाऊन फाटतो, घुमारा मात्र −१५ वरच. म्हणजे लाल दिवा लागला आणि हाती काहीच आलं नाही.

आधी एक तपासणी करा. कीबोर्डचा पॅड आणि बेस म्यूट करा. ढोल लगेच उघडा वाटला, तर दोष ढोलात नाहीच; बाकीचे ३-४ डीबी खाली आणा आणि पुढे चला. तरीही बारीकच वाटला, तर टक्क आणि घुमारा यांच्यातलं अंतर कमी करायला हवं. टक्क थोडा कापायचा (क्लिपर म्हणजे ठरावीक उंचीवरचं शिखर कापणारं, किंवा ट्रान्झिएंट शेपर म्हणजे थाप आणि शेपूट वेगवेगळी कमी-जास्त करणारं साधन) किंवा घुमारा उचलायचा (ट्रान्झिएंट शेपरचा सस्टेन किंवा समांतर कॉम्प्रेशन, म्हणजे दाबलेली प्रत मूळ आवाजात मिसळणं). फेडर हा यातला शेवटचा उपाय.

आणलेलं प्रत्येक सॅम्पल आधी नॉर्मलाइज करून घ्यावं का?

सरसकट नको. नॉर्मलाइज केल्याने सगळी शिखरं एका पातळीवर येतात, पण ऐकू येणारा आवाज सारखा होत नाही. −१ वर आणलेली हलगी आणि −१ वर आणलेला पखवाजाचा धुमा शेजारी ठेवून ऐका, फरक कळेल. एकाच वाद्याचे हळू-मध्यम-जोरात असे थर असतील तर नॉर्मलाइज अजिबात करू नका. हळू थाप आणि जोराची थाप एकाच उंचीची झाली, की वाद्याचा चढउतार गेला आणि मागे फक्त पोत उरला. करायचंच असेल तर सगळे थर एकत्र निवडून सर्वांना एकच वाढ द्या. रीपरमध्ये अनेक आयटम निवडून नॉर्मलाइज करताना प्रत्येकी वेगळं की सगळ्यांना समान, याची निवड मिळते. एफएल स्टुडिओच्या सॅम्पलरमध्ये (सॅम्पल वाजवणाऱ्या साधनात) नॉर्मलाइजचं बटण चॅनलगणिक असतं आणि चुकून दाबलेलं राहतं, तेवढं बघून घ्या.

मग पातळी किती ठेवायची?

चोवीस बिटमध्ये काम करत असाल तर मोठं ठेवायची घाई नाही. सैद्धांतिक पल्ला १४४ डीबीच्या आसपास असतो. मुख्य ढोल किंवा किकचं शिखर −१० ते −८, हलगी-ताशा −१२ ते −१०, झांजा −१८ च्या खाली, आणि मास्टरवर सगळं मिळून −६ च्या आत. हे आकडे सुरुवातीचे. गाणं पुढे नेईल तसे बदलतील. कमी-जास्त करायचं ते क्लिप गेनवर किंवा सॅम्पलरच्या आत करा आणि फेडर शून्याच्या आसपास राहू द्या. फेडर तळाशी गेला की त्याची एक बारीक हालचाल म्हणजे कित्येक डीबी, हात स्थिर राहत नाही. एफएल स्टुडिओत चॅनलचा आवाज मुळातच १०० टक्क्यांच्या खाली, ७८ टक्क्यांवर दिलेला असतो, तो उगाच वर ढकलू नका.

सॅम्पलची सुरुवात कुठे कापायची?

थापेच्या अगदी आधी, जिथे तरंग मधल्या रेषेला छेदतो तिथे. उशिरा कापलं तर थापेची धार जाते. लवकर कापलं तर सॅम्पल उशिरा वाजतं: ४४.१ किलोहर्ट्झला १ मिलिसेकंद म्हणजे ४४ नमुने, आणि पुढे ५०० नमुने रिकामे राहिले की ठोका ११ मिलिसेकंद मागे पडला. मग लोक ताल ओढल्यासारखा वाटतो म्हणून क्वांटाइझ करत (ठोके तालाच्या जागी सरकवत) बसतात. रेषेवर कापूनही टिक असा आवाज आला तर १ मिलिसेकंदाचा फेड-इन द्या. हलगीला तेवढाही जड होतो, तिथे अर्धा मिलिसेकंद पुरे. शेवटाला मात्र सढळ हाताने, २० ते ५० मिलिसेकंदांचा फेड-आउट. सॅम्पल मध्येच तोडल्याचा खटका मोठ्या स्पीकरवर फार उघडा पडतो.

अटॅक, होल्ड, डिके, सस्टेन, रिलीज यांचे आकडे तालवाद्यांना किती द्यावेत?

या पाचांचा मिळून एन्व्हलप होतो: चढायचा वेळ (अटॅक), शिखरावर थांबायचा (होल्ड), उतरायचा (डिके), नोट धरून ठेवल्यावर राहणारी पातळी (सस्टेन) आणि नोट सुटल्यावर विरायचा वेळ (रिलीज). सस्टेन शून्य, हे पहिलं. बाकीचं वाद्यावर.

ढोलाचा जड ठोका : अटॅक ०, होल्ड ३० ते ५० मिलिसेकंद, डिके २५० ते ४००, रिलीज ५० ते ८०. होल्डमुळे टक्क आणि घुमाऱ्याचा पहिला जोर पूर्ण बाहेर पडतो आणि मगच उतार लागतो. होल्ड न देता डिके कमी केला तर ढोल डब्यासारखा होतो.

हलगी आणि ताशा : डिके ८० ते १५०. ताशाचे बोल जवळजवळ असतात. सेकंदाला दहा-बारा काड्या पडत असतील तर दोन ठोक्यांत जेमतेम ८० ते १०० मिलिसेकंद मिळतात. शेपूट त्याहून लांब असेल तर सगळा गिचका होतो.

ढोलकीची धूम, पखवाजाचा धुमा : ५०० ते ८०० मिलिसेकंद. हे कमी करू नका. कणीक लावलेल्या धुम्याचा सगळा भारदस्तपणा शेपटात असतो, आणि ढोलकीचा घिस्सा तर सगळाच तिथे असतो.

चौंडकं : एन्व्हलपला हात न लावणं बरं. ते थापेचं नव्हे, तारेचं वाद्य. तार छेडल्यावर ताण बदलत सूर वर-खाली सरकतो आणि ती सरक शेपटातच असते. डिके कापला की यल्लम्माच्या गाण्यातलं चौंडकं ओळखूच येत नाही.

उताराचा आकार निवडता येत असेल तर सरळ रेषेऐवजी आधी भरभर आणि मग सावकाश उतरणारा वक्र घ्या. पानाचा आवाज तसाच विरतो. सरळ रेषेचा उतार शेवटी कुणी बटण दाबून बंद केल्यासारखा वाटतो.

डिकेचं बटण फिरवतोय आणि फरकच पडत नाही.

दहापैकी नऊ वेळा सस्टेन पूर्ण वर असतो. डिके म्हणजे शिखरावरून सस्टेनच्या पातळीपर्यंत उतरायचा वेळ. सस्टेन शिखराएवढाच असला तर उतरायचं कुठे? तो शून्यावर आणा.

उरलेल्या वेळा कारण सॉफ्टवेअरमध्ये असतं. एफएल स्टुडिओत व्हॉल्यूम एन्व्हलपचा छोटा दिवा लावल्याशिवाय तो चालूच होत नाही. आणि लावल्यावर नोटेची लांबी मोजली जाऊ लागते, त्यामुळे पियानो रोलमधल्या आखूड नोटा अचानक तुटतात. एबलटनच्या सिम्पलरमध्ये वन-शॉट पद्धतीत पूर्ण एन्व्हलप नसतो, फेड-इन आणि फेड-आउटच असतात; चारही बटणं हवी असतील तर क्लासिक पद्धत घ्या. रीपरच्या सॅम्पलरमध्ये नोट-ऑफ पाळण्याची खूण केलेली नसेल तर रिलीज कितीही फिरवा, सॅम्पल आपलं शेवटपर्यंत वाजणार.

सगळे ठोके सारखेच वाजतात, मशीनसारखे. वेलोसिटी कशी द्यायची?

मिडीत (नोटांची माहिती ठेवणाऱ्या पद्धतीत) वेलोसिटी, म्हणजे ठोक्याचा जोर, १ ते १२७ असते (शून्य म्हणजे नोट बंद). तिचा आवाजाशी संबंध मात्र सॅम्पलर ठरवतो. सरळ प्रमाण असेल तर १२७ च्या तुलनेत ६४ म्हणजे ६ डीबी कमी आणि ३२ म्हणजे १२ डीबी कमी. वर्गाच्या प्रमाणात असेल तर तेच १२ आणि २४ होतं. म्हणून एका सॉफ्टवेअरमध्ये छान वाजलेली मिडी फाइल दुसरीकडे एकतर सपाट वाटते नाहीतर खाली पडते. नव्या सॅम्पलरमध्ये आधी १२७, ९६, ६४, ३२ असे चार ठोके वाजवून मीटर बघा, प्रमाण कळेल. सिम्पलरमध्ये वेलोसिटीचा आवाजावरचा परिणाम टक्क्यांत देता येतो. रीपरमध्ये सर्वांत हळू वेलोसिटीला किती आवाज राहावा ते देता येतं. तिथे −२४ च्या आसपास ठेवलं तर भजनाला चालतं.

आता ठेका. केहरव्याच्या आठ मात्रा धा गे ना ती, ना के धी ना अशा घेतल्या तर सुरुवातीला धा ११०, गे ७२, ना ८८, ती ८०, ना ८४, के ६०, धी ९६, ना ७८ असं देऊन बघा. 'के' बंद बोल आहे, तो मोठा झाला की ठेका अडखळतो. बहुतेकांची चूक इथेच असते. मग प्रत्येक आवर्तनात तीन-चार आकड्यांचा फरक द्या, त्याहून जास्त नको. रँडमचं बटण २० टक्क्यांवर ठेवून माणसाचा हात येत नाही. वादक जोर चुकवत नसतो, तो जोर देण्याची जागा निवडत असतो.

आणि जोर बदलला की नुसता आवाज बदलत नाही, चकाकीही बदलते. थर नसतील तर वेलोसिटी लो-पास फिल्टरलाही (वरचा, चकाकीचा भाग कापणाऱ्या) जोडा: ४० ला ३ किलोहर्ट्झ आणि १२० ला पूर्ण उघडा. एकाच सॅम्पलमधून हळू थाप खरी वाटायला एवढं पुरतं.

स्वतः सॅम्पल घ्यायचे तर किती थर आणि किती फिरते ठोके?

हळू, मध्यम, जोरात आणि अगदी उघडा असे चार थर, प्रत्येकात चार फिरते (आळीपाळीने वाजणारे) ठोके. एका बोलाचे सोळा. ताशा आणि हलगीला प्रत्येक थरात सहा घ्या, कारण तेच तेच सॅम्पल भरभर आलं की मशीनगन ऐकू येते. पखवाजाच्या धुम्याला तीनही पुरतात.

माइक साधा डायनॅमिक चालतो, शूर एसएम ५७ सारखा. पानापासून १५ ते २० सेंटिमीटर, काठाकडून मध्याकडे तिरका. सर्वांत जोराच्या ठोक्याला शिखर −१० ते −१२ यावं असा गेन लावा आणि मग शेवटपर्यंत त्या बटणाला हात लावू नका. हळू थापेला गेन वाढवला की थरांचं आपसातलं नातं तुटतं. पंखा बंद. लॅपटॉप चार्जर काढून बॅटरीवर. अर्थिंग नीट नसेल तर ५० आणि १०० हर्ट्झची घूं येते, आणि ती हळू थरांवर कॉम्प्रेसर लावला की वर येते.

चामड्याच्या वाद्यांना ऋतूही सांभाळावा लागतो. खानापूरकडच्या पावसाळी हवेत पान सैल पडतं, सूर खाली येतो. हलगी शेकून घेतली की पहिली काही मिनिटं ती टणटणते, मग निवत जाते तसा सूर उतरतो. जोराचे सगळे ठोके आधी घेतले आणि हळूचे नंतर, तर तुमचा हळू थर अर्ध्या सुराने खाली सापडेल, आणि वाजवताना वेलोसिटी बदलली की सूरही बदलेल. म्हणून शेकल्यावर एक हळू, एक मध्यम, एक जोरात, एक उघडा, पुन्हा हळू अशा फेऱ्या घ्या. दोन फेऱ्या झाल्या की पुन्हा शेका. वादकाला विचारून करा. किती शेकायची हे त्याच्या बोटांना माहीत असतं. प्रत्येक ठोक्यानंतर तीन सेकंद गप्प, शेपूट पूर्ण विरू द्या.

कॉम्प्रेसरचे आकडे कसे ठरवायचे?

कॉम्प्रेसर थ्रेशोल्ड या पातळीच्या वर गेलेला आवाज रेशोच्या प्रमाणात दाबतो. आधी हिशेब. थ्रेशोल्ड −२०, रेशो ४:१, ठोक्याचं शिखर −८. म्हणजे थ्रेशोल्डच्या वर १२ डीबी. त्यातले बाहेर येणार ३. शिखर −१७ वर आलं, ९ डीबी दाबले गेले. एका ढोलाला ९ डीबी भरपूर झाले. ३ ते ५ दाबले जातील असा थ्रेशोल्ड शोधा.

अटॅक म्हणजे दाब पूर्ण लागायला किती वेळ द्यायचा. २० ते ३० मिलिसेकंद दिले तर थाप निसटून जाते आणि मागचा घुमारा दबतो, ठोका टोकदार होतो. १ मिलिसेकंद दिला तर थापच दबते, ठोका जाड आणि मागे गेलेला वाटतो. ढोल पुढे हवा असताना जलद अटॅक लावून वर मेकअप गेन (दाबल्यानंतरची भरपाईची वाढ) देत बसलेले सेशन खूप दिसतात.

रिलीज, म्हणजे दाब सुटायचा वेळ, तालावरून काढा. ६०,००० भागिले बीपीएम म्हणजे एक मात्रा मिलिसेकंदात: १२० ला ५००, तिचा पाव म्हणजे १२५. पुढचा ठोका पडायच्या आत काटा शून्यावर परतायला हवा. ताशाच्या भरीत हेच फसतं. रिलीज २०० ठेवला आणि काड्या ८० मिलिसेकंदांनी पडतायत, तर पहिली काडी मोठी येते आणि मागच्या सगळ्या दबलेल्या, कॉम्प्रेसरला श्वास घ्यायलाच वेळ मिळत नाही. ताशाला ३० ते ५० द्या. ढोलाला मात्र इतका कमी देऊ नका. ६० हर्ट्झच्या एका लहरीला जवळपास १७ मिलिसेकंद लागतात. रिलीज तिच्या आसपास आला तर कॉम्प्रेसर ठोक्याऐवजी लहरीच्या मागे धावतो आणि घुमारा खरखरतो.

ट्रान्झिएंट शेपर कधी आणि कॉम्प्रेसर कधी?

कॉम्प्रेसर पातळी बघतो, ट्रान्झिएंट शेपर चढ किती झपाट्याने झाला ते बघतो. म्हणून हळू ठोका असो की जोराचा, शेपर दोन्हींची थाप सारखीच उचलतो, थ्रेशोल्ड लावायची गरज नाही. लांबून रेकॉर्ड झालेली हलगी, देवळाच्या सभामंडपात घुमलेला पखवाज, अशांना शेपर घ्या: सस्टेन −३ ते −६, अटॅक +२ ते +३. एफएल स्टुडिओत ट्रान्झिएंट प्रोसेसर आहे, एबलटनच्या ड्रम बसमध्ये ट्रान्झिएंट्सचं बटण आहे, रीपरमध्ये ट्रान्झिएंट कंट्रोलर फुकट येतो. अटॅक वाढवला की शिखर वाढतं, तेव्हा मागे क्लिपर ठेवा. वादकाचा जोर कमी-जास्त पडला असेल तर मात्र कॉम्प्रेसर, किंवा त्याहून बरं, हाताने क्लिप गेन.

क्लिपर लावला तर आवाज फाटणार नाही का?

२ ते ३ डीबीपर्यंत तालवाद्याला कळतही नाही, कारण कापलं जाणारं शिखर एखाद-दोन मिलिसेकंदांचं असतं. चौंडकं, संबळाचा सुरेल ठोका आणि झांज यांना मात्र लगेच कळतं. तिथे नको.

किकखाली ढोल घातला आणि दोन्ही मिळून पोकळ झाले.

दोन लहरी उलट्या भिडतायत. एकाची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटी करून बघा. खालचा आवाज भरला तर तसंच ठेवा. नाहीतर एक सॅम्पल पुढे-मागे सरकवा. ५ मिलिसेकंदांचं अंतर असेल तर १०० हर्ट्झ जवळजवळ नाहीसं होतं, आणि हवेत १.७ मीटर अंतराला एवढाच वेळ लागतो. दोन माइकनी घेतलेल्या ढोलालाही म्हणून हेच होतं. त्यातूनही जमलं नाही तर वाटणी करा: १०० च्या खाली किक, वर ढोल.

एका ढोलाच्या सॅम्पलवरून पथक उभं करता येईल का?

येईल, कॉपी-पेस्टने नाही. तेच सॅम्पल दोनदा वाजवलं तर ६ डीबी मोठा असा एकच ढोल मिळतो. वेगवेगळे ढोल मात्र दुप्पट झाले की साधारण ३ डीबीने वाढतात; सोळा ढोल एका ढोलापेक्षा १२ डीबीने मोठे. फरक कानाला कळतो तो या वेगळेपणाचा.

आठ ट्रॅक पुरतात. प्रत्येकात वेगळा फिरता ठोका, सूर ±१५ सेंटपर्यंत (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) वेगळा, वेळ ५ ते २५ मिलिसेकंद इकडे-तिकडे आणि वेलोसिटी ८५ ते ११५ मध्ये. एक ट्रॅक मात्र बरोबर ठोक्यावर आणि मध्यभागी ठेवा, तो पथकाचा कणा. बाकीचे डावी-उजवीकडे पसरा, त्यांची शिखरं कण्यापेक्षा ६ डीबी खाली. सातही ट्रॅकना १०० हर्ट्झखाली कापा, नाहीतर खालचा सगळा घुमारा एकमेकांत मिसळून चिखल. शेवटी सर्वांना एका बसमध्ये (एकत्र मिसळणाऱ्या ट्रॅकमध्ये) घालून २ ते ३ डीबी कॉम्प्रेशन. झांजा यात घालू नका, त्यांचा बस वेगळा.

झांज दाबून थांबवल्याचा परिणाम कसा आणायचा?

चोक ग्रुपने. उघडी आणि दाबलेली अशी दोन सॅम्पलं एकाच ग्रुपमध्ये टाका, दुसरी वाजली की पहिली थांबते. एबलटनच्या ड्रम रॅकमध्ये हा पर्याय प्रत्येक पॅडला आहे; एफएल स्टुडिओत 'कट' आणि 'कट बाय' ला एकच नंबर द्या. थांबताना टिक आली तर १० मिलिसेकंदांचा रिलीज. ढोलकीच्या घिश्शालाही हेच वापरा, पुढची थाप पडताच घिस्सा थांबला पाहिजे.

बेस आणि ढोल भांडतात.

बेसवर कॉम्प्रेसर, त्याला ढोलाचा साइडचेन, म्हणजे ढोल वाजला की बेस दबेल. अटॅक १ ते ५, रिलीज ८० ते १५०, दाब ३ डीबी. नाचाच्या गाण्यात ६ चालेल, भजनात २ च्या वर नको, गायकाखालची जमीन हलल्यासारखी होते.

हेडफोनवर छान, मिरवणुकीच्या स्पीकरवर नुसता गडगडाट. काय बदलायचं?

मिरवणुकीच्या सेटअपमध्ये बेस बहुधा मोनो असतो, अँपलाच लिमिटर (ठरावीक पातळीच्या वर आवाज जाऊ न देणारा) लागलेला असतो आणि गल्लीच्या दोन्ही भिंतींवरून आवाज परत येतो. हेडफोनवर ४०० मिलिसेकंदांचा घुमारा भरदार वाटतो. बेळगावच्या गणपत गल्ली किंवा खडेबाजारसारख्या दाटीच्या जागेत तोच पुढच्या ठोक्यावर चढतो. अशा ट्रॅकची वेगळी आवृत्ती काढा. ढोल-किकचा डिके एक तृतीयांश कमी. ३५ ते ४० हर्ट्झखालचं सगळं कापा. ते ऐकू येत नाही, फक्त अँपचा लिमिटर त्यावर आदळतो आणि गाणं सगळंच खाली बसतं. मास्टरवर मोनोचं बटण दाबून ढोल पातळ होतो का बघा. मास्टर लिमिटरवर २-३ डीबींपेक्षा जास्त दाबू नका. दाबून सपाट केलेल्या ट्रॅकला तिथला लिमिटर पुन्हा दाबतो आणि थाप उरतच नाही.

पोलीस ज्या डेसिबलबद्दल बोलतात ते आणि सॉफ्टवेअरमधले एकच का?

नाही. सॉफ्टवेअरमधला शून्य म्हणजे फाइलमध्ये मावणारी कमाल पातळी, त्याखाली सगळं उणे. रस्त्यावरचा मीटर हवेतला दाब मोजतो, तो स्पीकर, व्हॉल्यूम आणि अंतरावर अवलंबून. तुमचा ट्रॅक −१४ आहे की −८, यावरून तिथला आकडा सांगता येत नाही.

ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम केंद्राचे आहेत, त्यामुळे निपाणीला एक आणि कागलला दुसरा असं नाही: निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डीबी (ए), रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. सणासुदीला १२ पर्यंत सवलत वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस देता येते. ते दिवस कर्नाटक आणि महाराष्ट्र ही दोन्ही राज्यं आपापले ठरवतात, परवानगीच्या कागदावर बघून घ्या. आणखी एक. 'ए' पद्धतीच्या मोजणीत ६३ हर्ट्झचा आवाज २६ डीबी कमी धरला जातो. मीटरवर आकडा माफक आणि खिडक्यांची तावदानं थरथरतायत, हे त्यामुळेच. डिके कमी करायला हे आणखी एक कारण.

त्याच ट्रॅकवर मराठी आणि कन्नड अशी दोन्ही गाणी करायची आहेत. ताल कसा काढून ठेवावा?

मिक्स करून एक फाइल काढू नका. शब्दांचे जोर वेगळ्या जागी पडतात, दुसऱ्या गायकाचा आवाजही वेगळा, त्यामुळे हलगी आणि ढोलकी एक-दोन डीबी इकडे-तिकडे करावीच लागते. जड ठोके, हलगी-ताशा, ढोलकी-पखवाज आणि झांजा असे चार स्टेम (गटागटाच्या वेगळ्या फाइल), २४ बिट वेव्ह, प्रत्येकाचं शिखर −६ च्या आत, मास्टरचा लिमिटर बंद करून. एन्व्हलप आणि वेलोसिटी पक्की होऊन आली तरी चालते, बसचं कॉम्प्रेशन नको. स्पॉटिफायवर −१४ एलयूएफएसच्या (कानाला वाटणाऱ्या आवाजाचं माप) आसपास पातळी समान केली जाते. तो हिशेब गायकाचा आवाज बसल्यावर करा, ट्रू पीक (दोन नमुन्यांच्या मधलंही धरून खरं शिखर) −१ ठेवा.

हेच सॅम्पल स्टेजवर पॅडवर वाजवायचे आहेत.

रोलँड एसपीडी-एसएक्स या सॅम्पल वाजवणाऱ्या पॅडसाठी ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट वेव्ह काढा. २४ बिटमधून उतरवताना डिदर (बिट कमी करताना येणारा बिघाड झाकणारी बारीक खरखर) चालू ठेवा. पॅडवर लावायच्या आधी शेपूट विरेपर्यंत कापून फेड-आउट फाइलमध्येच द्या, कार्यक्रमात एन्व्हलप जुळवायला वेळ नसतो. ठोक्यांच्या पॅडना डायनॅमिक्स चालू, तयार लूप लावलेल्या पॅडना बंद, नाहीतर काठी हळू पडली की अख्खा लूप बारीक वाजेल. झांजेच्या दोन्ही पॅडना एकच म्यूट ग्रुप द्या.